घड्याळ एक, सूर्य दोन आणि वेळ कुणाची? बीड आणि दिब्रुगडची गोष्ट

भारताला एक टाइम झोन पुरे की दोन हवेत, ही चर्चा दर काही वर्षांनी निघते. इंग्रजी वर्तमानपत्रांत लेख येतात, विजेचे किती युनिट वाचतील याचा हिशेब मांडला जातो आणि विषय मिटतो. आपल्या चळवळीत मात्र यावर कुणी बोलत नाही. "अत्याचार, शिष्यवृत्ती, आरक्षण हे प्रश्न समोर असताना घड्याळाचे काटे कुठे फिरवत बसायचे?" असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. मला हे मान्य नाही. वेळ हा जातीचा आणि श्रमाचा प्रश्न आहे. तो आपण सोडून दिला तर त्याचा निर्णय मळेवाले, कारखानदार आणि दिल्लीतले बाबू करतील, आणि नेहमीप्रमाणे त्याची किंमत आपली माणसे मोजतील.

या देशात जातीने घड्याळाच्या आधीपासून वेळेवर ताबा ठेवला आहे. पेशवाईत दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत यायला मनाई होती, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आपल्या ग्रंथात केली आहे. कारण काय, तर सकाळी आणि संध्याकाळी सावली लांब पडते आणि त्या सावलीने वरच्या जातीचा माणूस बाटतो! सूर्य आकाशात किती अंशांवर आहे यावरून एका माणसाचा रस्त्यावर चालण्याचा हक्क ठरत होता. त्यामुळे वेळ ही निसर्गाची गोष्ट आहे, तिचा समाजकारणाशी काय संबंध, असे निदान आपण तरी म्हणू नये.

एकच वेळ कशी आली?

आज आपण जी भारतीय प्रमाणवेळ पाळतो ती १ जानेवारी १९०६ पासून इंग्रजांनी लागू केली. ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ संपूर्ण देशाची वेळ ठरली. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी होती, कलकत्त्याची वेगळी. मुंबईची जुनी वेळ नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे नवी वेळ आली तेव्हा गिरणी कामगाराला एका दिवसात ३९ मिनिटे आधी, अंधारात, कामावर हजर होण्याची पाळी आली. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडले, दगडफेक झाली. शहरातील प्रतिष्ठितांनी सभा घेतल्या, अर्जांवर सह्या केल्या. मुंबईत जुनी वेळ पुढे अनेक दशके रेंगाळली.

त्या कामगाराला रेखांश म्हणजे काय हे ठाऊक नसेल, पण आपली झोप कोण चोरतो आहे हे त्याला बरोबर कळले होते. आज आपल्याला ते कळते का?

दोन जिल्हे, दोन सूर्य

महाराष्ट्रातील बीड आणि आसाममधील दिब्रुगड हे दोन जिल्हे समोर ठेवू. दोघांमध्ये सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. बीड साधारण ७५.७ अंशांवर, दिब्रुगड साधारण ९४.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यात सव्वा तासाहून थोडे जास्त अंतर पडते. भिंतीवरचे घड्याळ मात्र एकच.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. जूनमध्ये दिब्रुगडला पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा बीडमध्ये मध्यरात्रीसारखा अंधार असतो. बीडला उजाडायला पावणेसहा होतात. डिसेंबरात दिब्रुगडला दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, बीडला सहाच्या थोडे आधी. दिल्लीने ठरवलेल्या दहा ते पाचच्या कचेरीचा शेवटचा तुकडा तिथे दिवे लावून पार पाडावा लागतो आणि पहाटेचा लख्ख उजेड वाया जातो. ईशान्येतील लोक वेगळ्या वेळेची मागणी करतात ती हौस म्हणून नाही. चित्रपट दिग्दर्शक जाहनू बरुआ यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०१४ मध्ये आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्याची वेळ तासभर पुढे नेण्याची घोषणा केली होती. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन प्रमाणवेळा कशा राबवता येतील याचा आराखडा प्रसिद्ध केला. केंद्राने मान्यता दिली नाही.

पण एक गंमत लक्षात घ्या. जी गोष्ट सरकार एका राज्याला देत नाही ती आसामचे चहामळे शंभराहून अधिक वर्षे उपभोगत आहेत. तिला म्हणतात बागान टाइम.

बागान टाइम कुणासाठी?

मळ्याचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. बाहेर सहा वाजलेले असतात तेव्हा मळ्यात सात. ही वेळ इंग्रज मळेवाल्यांनी सुरू केली. सूर्य लवकर उगवतो तर मजूरही लवकर मळ्यात उतरला पाहिजे, हा सरळ हिशेब. इंग्रज गेले, मालक बदलले, अनेक मळ्यांत बागान टाइम मात्र टिकला.

या मळ्यांत पाने खुडणारी माणसे कोण? छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशातून एकोणिसाव्या शतकात करारावर नेलेले मुंडा, उरांव, संथाळ, गोंड, खडिया आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या अनेक अस्पृश्य जातींचे वंशज. १८५९ च्या कायद्याने कराराचा भंग हा गुन्हा ठरला होता. १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार थेट मळेवाल्याला मिळाला. मजुराचा दिवसच काय, त्याची वर्षेच मालकाच्या वहीत नोंदलेली होती. आजही झारखंडमधील मुंडा अनुसूचित जमातीत मोडतो आणि त्याच मुंडाचा आसाममधील भाऊ मागासवर्गीयांच्या यादीत. चहाच्या मळ्यात नेल्यामुळे माणसाची जमात बदलली! अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी हा समाज आजही लढतो आहे.

मळ्यात सकाळी हजेरी होते, सरदार देखरेख करतो, दिवसभरात ठरावीक वजनाची पाने खुडावी लागतात. साधारण वीस-बावीस किलोंच्या आसपासचा हा आकडा पुरा झाला नाही की मजुरी कापली जाते. ऑक्टोबर २०२३ पासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दिवसाची मजुरी झाली २५० रुपये. रेशन आणि घर देतो, असे मालक सांगतात. पण लेबर लाइनमधील गळकी घरे आणि तुंबलेली गटारे या 'सोयी' पगारात धरायच्या असतील तर हिशेब उलट दिशेने मांडावा लागेल.

आता मला सांगा, टाइम झोनचे समर्थक म्हणतात तसा उजेडाचा एक तास या बाईला मिळालाच आहे ना? तिचे घड्याळ सूर्याशी जुळलेलेच आहे. मग तिचे आयुष्य का उजळले नाही? कारण तो तास मिळाला पानाला. खुडलेले पान त्याच दिवशी कारखान्यात पोहोचले नाही तर बिघडते, म्हणून घड्याळ पानाच्या सोयीने लावले.

बीडमध्ये घड्याळच नाही

आता बीडकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या गावांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. दलित, वंजारी, बंजारा, भटके-विमुक्त असे सगळे त्यांत आहेत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजणीच हत्याराने! मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हंगाम संपत नाही. फडाच्या कडेला कोपीत मुक्काम, पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या, अंधारातच तोडणी सुरू. दुपारी मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या आणि रात्री ट्रक येईल तेव्हा, मग अकरा वाजोत की दोन, गाडी भरायची.

दिब्रुगडला मळ्याचे वेगळे घड्याळ तरी आहे. बीडच्या ऊसतोड बाईला घड्याळच नाही. तिला तासावर मजुरी मिळत नाही, टनावर मिळते. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तरी माणशी ३६६ रुपये, आणि त्यासाठी राबायचे बारा-चौदा तास. शिवाय ही मजुरी बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर उचलीत आधीच वळती झालेली असते. बाईचे नाव त्या वहीत नसतेच. एक दिवस आजारपणामुळे खाडा पडला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो.

हीच माणसे ज्या साखर कारखान्यासाठी राबतात, त्याच्या फाटकाच्या आत जाऊन पाहा. तिथे भोंगा वाजतो, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चालतात, हजेरीपुस्तक आहे, साप्ताहिक सुट्टी आहे, जादा तासांचा जादा पगार आहे. फाटकाच्या बाहेर, त्याच उसासाठी, त्याच मालकासाठी राबणाऱ्याला यातले काही नाही, कारण कागदावर तो कारखान्याचा कामगार नाही, मुकादमाचा माणूस आहे. तोडलेल्या उसाचा उतारा घसरू नये म्हणून तो वेळेत गाळपाला गेला पाहिजे, याची काळजी सगळ्यांना आहे. दिब्रुगडला पानाची वेळ पाळतात, बीडच्या माणसांकडून उसाची. माणसाची वेळ दोन्हीकडे कुणी पाळत नाही.

४८ तास कुणी मिळवून दिले?

फाटकाच्या आतले ते आठ तास आकाशातून पडलेले नाहीत. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याच्या लढ्यातून १८९० मध्ये गिरणी कामगाराला मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, जादा कामाला दुप्पट दराचे तत्त्व आले. जयंतीच्या भाषणांत आपण "बाबासाहेबांनी आठ तास दिले" असे म्हणतो, टाळ्या घेतो आणि तिथेच थांबतो. पुढचा प्रश्न विचारत नाही: दिले, पण पोहोचले कुणापर्यंत?

हा प्रश्न विचारला की धक्का बसतो. चहामळ्यांसाठी १९५१ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यात प्रौढ मजुराचा आठवडा ठेवला ५४ तासांचा! जे तास कारखान्यात १९४६ मध्येच कमी झाले होते ते मळ्यातील आदिवासी-दलित मजुरासाठी तसेच राहिले. तिथे ४८ तास आले १९८१ च्या दुरुस्तीने. म्हणजे कारखान्यापासून मळ्यापर्यंत सहा तासांची सवलत पोहोचायला ३५ वर्षे लागली. हा कायदाही आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. आणि बीडच्या फडात? तिथे ते ४८ तास आजवर पोहोचलेले नाहीत. बीड आणि दिब्रुगडमध्ये सूर्याचे अंतर सव्वा तासाचे आहे. कायद्याचे अंतर मात्र दशकांमध्ये मोजावे लागते. टाइम झोनच्या चर्चेत हे दुसरे अंतर कुणी मोजताना तुम्ही पाहिले आहे का?

संविधानाच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती व प्रसूती साहाय्य यांचा उल्लेख आहे. ४३ व्या कलमात कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा असे म्हटले आहे. होय, फुरसत हा संविधानातला विषय आहे! ज्या समाजाला हजारो वर्षे फक्त राबायला लावले, त्याला विचार करायला, वाचायला, संघटना बांधायला मोकळा वेळ मिळणे ही क्रांतिकारक गोष्ट आहे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" यातली पहिली दोन कामे रात्री दोन वाजता ट्रक भरणारा माणूस केव्हा करणार?

बाईचे शरीर आणि मुलांची झोप

वेळेच्या या लुटीची सर्वांत मोठी किंमत बायका मोजतात. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढल्याचे दिसले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी खासगी दवाखान्यात कर्ज काढून पिशवीच काढून टाकायची. पाळीचे चार दिवस विसावा मिळत नाही म्हणून बाईने अवयव गमवायचा, असे हे 'वेळेचे नियोजन' आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते. शंभर वर्षे होत आली तरी ती रजा फडापर्यंत गेली नाही.

दिब्रुगडकडे पाहिले तर चित्र फार वेगळे नाही. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात ३३, तर आसाममध्ये १९५ होते, देशात सर्वाधिक. रक्तक्षय घेऊन चढउताराच्या मळ्यात भर गरोदरपणात पाठीवर टोपली वाहणाऱ्या बायकांचा या आकड्यात मोठा वाटा आहे.

आणि मुले? सूर्य उशिरा मावळणाऱ्या भागात मुले उशिरा झोपतात, शाळा मात्र घड्याळाप्रमाणे भरते, म्हणून त्यांची झोप कमी होते. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या अभ्यासानुसार सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते आणि याचा फटका गरीब घरांतील मुलांना जास्त बसतो. दाटीवाटीच्या, गरम, गोंगाटाच्या खोलीत ठरलेल्या वेळी झोप कशी लागणार? म्हणूनच दोन टाइम झोन नकोत, सगळ्या देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे करा, हा जो तिसरा पर्याय सुचवला जातो त्याला आपण ठाम विरोध केला पाहिजे. त्याने विजेचे काही युनिट वाचतील, पण बीड, नंदुरबार, पालघरच्या मुलांची झोप आणखी कापली जाईल.

मग आपली भूमिका काय?

कुणी म्हणेल, टाइम झोन वेगळे केले तर देशाची एकता धोक्यात येईल. हा युक्तिवाद पोकळ आहे. मळेवाल्याने वेगळे घड्याळ लावले तेव्हा एकता धोक्यात आली नाही, जनतेने मागितले की येते? रेल्वेच्या सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर तांत्रिक उत्तर शोधावे लागेल. ते शोधून ईशान्येला स्वतःची वेळ द्यावी. तिथल्या माणसांची ती न्याय्य मागणी आहे आणि तिला आंबेडकरी चळवळीने पाठिंबा द्यावा.

पण आपला पाठिंबा बागान टाइमचा अनुभव लक्षात ठेवून असला पाहिजे. घड्याळ सूर्याशी जुळले म्हणून मजूर मोकळा होत नाही. म्हणून या चर्चेत आपल्या मागण्या घुसवल्या पाहिजेत. ऊसतोड कामगार हा कारखान्याचा कामगार आहे हे कायद्याने मान्य करा. नवरा-बायकोची नावे वेगवेगळी नोंदवा आणि मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात द्या. आठवड्याची भरपगारी सुट्टी, रात्रीच्या गाडी भरण्याला जादा दर, पाळीच्या आणि प्रसूतीच्या रजेला संरक्षण द्या, खाड्याचा दंड बेकायदा ठरवा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही वेठबिगारीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. २३ वे कलम आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीच्या वहीला लावून पाहा.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. आपल्या तालुक्यात किती मजुरांची नोंदणी झाली, किती वसतिगृहे प्रत्यक्षात सुरू आहेत, त्यात किती मुली आहेत, याचा माहिती अधिकारात अर्ज टाकायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. यंदा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गावातल्या युवक मंडळाने एवढे एक काम केले तरी पुष्कळ होईल. सोबत टोळीतल्या बायकांची नावे आणि त्यांच्या कामाचे तास एका साध्या वहीत लिहायला घ्या. मुकादमाची वही आहे, मळ्याच्या बाबूची वही आहे, आपली वही नाही. न्यायालयात आणि विधिमंडळात उद्या पुरावा लागेल तेव्हा हीच वही उपयोगी पडेल.

आणि दिब्रुगडच्या मुंडा-उरांव कार्यकर्त्यांशी बोला. फोन आहे, समाजमाध्यमे आहेत. बोलताना एवढेच लक्षात ठेवा, हिवाळ्यात तुमच्याकडे ऊन असताना तिथे दिवे लागलेले असतात.

जयभीम!